डाळिंबाच्या फुलांची कमरीया

माझा धाकटा भाऊ लुत्फ तरुणपणी वडिलांच्या लोखंडाच्या दुकानात बसायला तयारच नव्हता. त्याला कमरीया करायच्या होत्या. येमेनमधल्या आमच्या सना शहरात खिडकीच्या वर जिप्समची अर्धगोल जाळी बसवतात आणि तिला मागून रंगीत काचा चिकटवतात, ती कमरीया. "काचेवर पोट भरतं का रे गाढवा?" वडील ओरडायचे. हा मान खाली घालून कंपासने फुलं काढत बसायचा.

पण शिकला. ओल्या जिप्सममध्ये सुरी अशी तिरकी चालवायचा, की खाली गादीवर बसलेल्या माणसाच्या पुढ्यात रंग पडावा. आणि एकदा काढलेली नक्षी पुन्हा काढायची नाही, हा हट्ट. शेजाऱ्यांसारखी करून दे म्हणणाऱ्याला सांगायचा, "मग शेजारीच जाऊन बस." काचेऐवजी प्लास्टिक लावणाऱ्यांना तर तो कारागीरच मानत नसे. "दोन उन्हाळ्यांत रंग उडतो. ती काय कमरीया? चॉकलेटचा कागद!" तोंडाने फटकळ, आमच्या घराण्यातलाच.

मुलीच्या, अफराहच्या लग्नात त्याने आमच्याच गल्लीतल्या तिच्या सासरी डाळिंबाच्या फुलांची कमरीया बसवली. तसला लाल मी पुन्हा पाहिला नाही. अफराह बाळंत झाली, तेव्हा रीतीप्रमाणे तिला खोलीतल्या मानाच्या जागी, उंच बिछान्यावर बसवलं. बरोबर त्या कमरीयेखाली. भेटायला येणाऱ्या बायका आधी वर बघत, मग बाळाकडे. लुत्फची छाती फुगायची.

लढाईचे दिवस होते. एका दुपारी डोंगराकडे स्फोट झाला आणि आमच्या गल्लीतल्या काचा घराघरांत आत आल्या. वरची कमरीया कोसळली तशी अफराह बाळावर ओणवी झाली. तान्ह्या पोरीला ओरखडासुद्धा नाही. अफराह मात्र गेली.

सगळ्या गल्लीला कमरीया हव्या होत्या आणि लुत्फ सुरीला हात लावेना. मी एकदा चिडून म्हटलं, "तू मारलंस का तिला?"

"ताई, काच मीच निवडली होती. लाल गडद दिसावा म्हणून मुद्दाम जाड घेतली."



पुढच्या वर्षी जावई याह्या आला. "मामा, खिडकीवर अजून फळी ठोकलेलीच आहे. पोर अंधाराला घाबरते. दुसऱ्या कुणाला सांगू का?"

लुत्फ म्हणाला, "मीच करतो."

कामाच्या जागी मी चहा घेऊन गेले, तर समोर तीच डाळिंबाची फुलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नक्षी परत काढली होती. पण जिप्सम नव्हतं, हलक्या पातळ फळीत कोरलं होतं. आणि काच नव्हती. तो कात्रीने लाल प्लास्टिक कापत होता.

"लुत्फ, रंग उडेल रे."

"उडू दे. उडाला की पुन्हा लावीन. तिच्या अंगावर पडलं तर लागणार नाही."

ती कमरीया याह्यानेच चढवली. अफराह गेल्यापासून लुत्फने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाही तो दाराबाहेरच उभा राहिला. ऊन आलं. पोरीने गादीवरच्या रंगावर हात ठेवला आणि खिदळली.

"ताई," तो बाहेरून म्हणाला, "लाल दिसतोय का गं?"

फिकट गुलाबी होता.

"दिसतोय," मी म्हटलं. "अगदी तसाच."