पोरीचं वेगळं जातं

माझी थोरली पोर चार वर्षांची होती तेव्हा गहू खाल्ला की सुजायची. आधी ओठ, मग डोळे, मग छातीत घरघर. पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकर. गहू सणाला, नाही तर पाहुण्याला. म्हणून सगळे म्हणत, सणाला पोर नटते, नजर लागते. मंगरूळपीरच्या डॉक्टरने सुई टोचली तेव्हा श्वास मोकळा झाला. "गव्हाचा कणही देऊ नका," एवढंच तो म्हणाला.

गहू बंद केला. तरी एका साध्या दिवशी, नुसती भाकर खाऊन, ती सुजली. मला बसवेना. डबे हुंगले, मडकी खरवडली. तिसऱ्या दिवशी दळायला बसले आणि जात्याचा वरचा दगड उचलला. खाचांत पांढरी कणीक. पाहुण्यांसाठी त्याच जात्यावर मीच गहू दळला होता. दुसऱ्या कोणाला दोष देता आला असता तर बरं झालं असतं.

किन्हीराजाला माझं माहेर. तिथलं जुनं जातं बैलगाडीत घालून आणलं.

सासू दारात उभी. "काहून वं, घर फुटलं काय? आज दोन जाते, उद्या दोन चुली!"

"पोरीचं जातं आहे, आत्याबाई. त्याले गहू लागू द्यायचा नाही."

"लोक गव्हासाठी तरसते अन् हिले थो बाधते! राणीच आली पोटी."

पुढे मारुतीपुढे गावाचे रोडगे झाले. गव्हाचे गोळे विस्तवात भाजायचे आणि प्रसाद नाकारायचा नाही. मी पोरीचा हात सोडत नव्हते. तेवढ्यात सासू आली, हातात पळसाच्या पानात गुंडाळलेला गोळा.

"ज्वारीचा आहे. फुटून राह्यला होता, म्हणून पानात बांधला. देवाले दाखवला."

"विस्तव कोणता?"

"वेगळा पेटवला."

"पीठ?"

"तुह्याच जात्याचं."

"हात धुतले होते?"

"नाही वं, गंगेत न्हाऊन आली! खाऊ दे तिले."

पोरीने खाल्ला. करपलेला होता, तरी सगळा खाल्ला. बायका गप्पा मारत होत्या. मी दिवस मावळेपर्यंत पोरीच्या ओठांकडे बघत बसले. माझ्या शेजारी सासूही बसली होती, आणि तीही तिकडेच बघत होती.