टेपमावशींचं इंग्रजी

गळ्यातला टेप अंघोळीपुरताच उतरायचा, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेपमावशी म्हणायची. चाळीस वर्षं कपडे शिवले, पण ट्रायल घेतल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाच्या हाती कपडा दिला नाही. असल्या खमक्या बाईंचं घोडं पेंड खायचं ते सोळा वर्षांच्या नातीपाशी. नात परदेशात वाढलेली, तिचं मराठी "आजी, जेवलीस?" इथंच संपायचं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तेवढं विचारून ती फोन बापाकडे सरकवायची. मावशींना ते फार लागायचं. या पोरीनं आपल्याशी पाच मिनिटं तरी बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून त्यांनी नवऱ्याच्या मागे राहिलेलं इंग्रजी वाक्प्रचारांचं जाडजूड पुस्तक बाहेर काढलं. जुन्यापुराण्या गोष्टींना काय काय म्हणतात यावर त्यात अख्खं प्रकरण होतं. 'बिहाइंड द टाइम्स', काळाच्या मागे पडलेलं. 'ओल्ड हॅट', होऊन गेलेली फॅशन. 'आउट ऑफ द आर्क', पार महापुराच्या काळातलं. मशीन चालवता चालवता मावशी हे घोकू लागल्या.

पुढच्या रविवारी नात नवी पँट घालून समोर आली. गुडघ्याखाली ही एवढी घेरदार, चालता चालता घर झाडून निघावं अशी. तरुणपणी मावशींनी असल्या ढिगानं शिवल्या होत्या. ओळखीचं माणूस भेटल्यागत त्या ओरडल्या, "ओल्ड हॅट! आउट ऑफ द आर्क!"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. फोन बापाकडे गेला.

"आई, काय गं हे! दहा दुकानं पालथी घालून आणलीय तिनं."

"अरे, मीही अश्शाच शिवायचे, असं म्हणायचं होतं मला!"

"मग तसं म्हणायचंस ना."

"तसं पुस्तकात नव्हतं रे!"

त्यानंतरचे दोन रविवार नातीला अभ्यास होता म्हणे. मावशींनी चिडून पुस्तक पुन्हा ट्रंकेत कोंबलं, तेव्हा तळाशी स्वतःची जुनी बेलबॉटम हाताला लागली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी तोंडातून शब्द न काढता ती कॅमेऱ्यासमोर धरली. मुलानं लेकीला हाक मारली. ती आली आणि पडद्याला नाकच लावून बसली.

"यू मेड दॅट?"

"मी! यू वाँट?"

मान जोरात हलली, तसा मावशींचा हात सवयीनं टेपकडे गेला. "वेस्ट?"

तिकडे टेप कुठला? चार्जरची वायर कमरेला गुंडाळली आणि मग ती पट्टीवर मोजली. "नो, नो, टाइट! टू फिंगर लूज!" हिप, नी, लेंथ, बॉटम, पॉकेट. हे इंग्रजी मावशी चाळीस वर्षं रोज बोलत होत्या, फक्त ते इंग्रजी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पाऊण तास झाला. मधे मुलानं फोन मागितला, तर नातीनं दिला नाही.

"ओके, आजी. यू सेंड?"

"नो सेंड. फर्स्ट ट्रायल."

"ट्रायल?"

"यू वेअर, आय सी," मावशी म्हणाल्या. "हिअर. माय हाऊस."

नातीनं एकदा बापाकडे पाहिलं, मग पडद्याकडे वळली.

"येते," ती म्हणाली.