न ठेवलेला ऑप्शन

वाशी या तालुक्याच्या गावी, बाजारात हैदरभाईंचं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेल्या बोअरच्या मोटारी तिथं येतात आणि नवी तार भरून परत जातात. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची लेक फरहाना दीड वर्ष एका माणसावर डूख धरून बसली होती. लोकांना वाटायचं, पोरगी पुण्याची नोकरी सोडून घरूनच काहीतरी करते. करत होतीच, फक्त ते काम सुडाचं होतं.

तिचा धंदा तसा सोपा आहे. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. प्रोग्रामला फाइल उघडायची असो की जागा हवी असो, त्यानं कर्नेलकडे अर्ज करायचा. त्या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. फरहानाचं टूल हजारो वेडेवाकडे अर्ज करून कारभारी कुठं कोसळतो ते शोधायचं. कोसळण्याची जागा सापडली की दुरुस्ती करता येते.

पुण्यात तिनं हे टूल बनवलं ते बापाच्या रीतीनं. मोटार उघडली की हैदरभाई आधी पुठ्ठ्यावर लिहितात: वेढे किती, तार कुठली, जळाली तेव्हा काय चालू होतं. पुठ्ठा मोटारीला बांधल्याशिवाय ते पक्कड हातात घेत नाहीत, कारण कॉइल उपसली की मोजायला काही उरत नाही. टूलही तसंच. प्रत्येक अर्ज आधी शेजारच्या मशीनवर लिहायचं आणि मगच द्यायचं.

तिचा साहेब रणधीर याला ते लिहिणं खुपलं. वेग निम्मा होतो म्हणून त्यानं ते बंद करून टाकलं. पुढं एका मोठ्या परिषदेत टूल स्वतःचं म्हणून मिरवलं आणि टूलच्या हेल्पमध्ये, म्हणजे माहितीच्या पानावर, पहिल्या ओळीतलं फरहानाचं नाव खोडून तिथं आपलं घातलं. सभागृहात टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतून फरहानानंही वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज तिला अजून जाळते.

वाशीला येऊन तिनं नवं टूल पहिल्या ओळीपासून लिहिलं. मग ऑप्शन ठरवायला बसली, म्हणजे टूल चालवताना आदेशापुढं जोडायचे शब्द. ठरावीक अर्जच द्यायला एक, मशीन बंद पाडणारे अर्ज वगळायला दुसरा, तेच अर्ज त्याच क्रमानं पुन्हा द्यायला सुरुवातीचा आकडा देणारा तिसरा. राहिला शेवटचा, अर्जांची नोंद न करताच टूल चालवायचा. त्याला तिनं नाव दिलं ‘रणधीर’. ज्याला आंधळा कारभार करायचाय, त्यानं दरवेळी हे नाव टाइप करावं! कित्येक महिन्यांनी ती पोट धरून हसली आणि बापाला बोलावून पडदा दाखवला.

हैदरभाईंनी चष्मा चढवून वाचलं. ते हसले नाहीत.

“मी पुठ्ठ्यावर मोटार कशी जळाली ते लिहितो बेटा. कुणी जाळली ते न्हाय लिहीत.”

“त्यानं माझं नाव खोडलंय, अब्बा.”

“व्हय. आन् तू त्याचं तुझ्या हातानं लिहून ठेवायलीस. लोकं वर्षानुवर्षं वाचतील.”

ते पुन्हा तार गुंडाळायला गेले. फरहाना चरफडली, पण बापाचं म्हणणं वर्मी लागलं होतं. तिनं ऑप्शनवरचं रणधीरचं नाव पुसून साधं नाव ठेवलं. माफी वगैरे काही नव्हती त्यात. त्याला एवढीसुद्धा जागा द्यायची नाही, म्हणून पुसलं. मग तिला आठवलं, बापाच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर वरच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव असतं. तिनंही टूल काढेल त्या प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहिलं, ‘फरहाना हैदर, वाशी’. आणि टूल सगळ्यांसाठी खुलं केलं.

पाच महिन्यांनी रणधीरचा फोन आला. पूर्वी ‘ए फरहाना’ म्हणणारा आता फरहानाजी म्हणत होता. त्याच्या बड्या ग्राहकाचं मशीन जुन्या टूलखाली एकदा कोसळलं आणि पुन्हा काही केल्या कोसळेना. कोणत्या अर्जानं पडलं, याची नोंद कुठंच नव्हती. शेवटी ग्राहकानंच फरहानाचं टूल चालवायला लावलं, दोन तासांत दोष सापडला. आता पूर्ण नोंद जशीच्या तशी हवी, एक अक्षर कापायचं नाही, अशी ग्राहकाची अट होती. उद्या ग्राहकाच्या सगळ्या संचालकांसमोर ती रणधीरनंच वाचून दाखवायची होती.

बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो मुद्द्यावर आला.

“ती पहिली ओळ येऊ नये म्हणून कुठला ऑप्शन द्यायचा? हेल्पमध्ये सापडत नाहीये.”

फरहानानं खुर्ची मागं सरकवली. बाहेर हैदरभाई एका मोटारीला पुठ्ठा बांधत होते.

“तसा ऑप्शन ठेवलाच नाही, सर,” ती म्हणाली. “उद्या जरा मोठ्यानं वाचा.”