पाणी सोडून दिलेली प्रेस

नवऱ्याच्या तेराव्याला आम्ही त्याच्या वस्तू वाटल्या. दान घ्यायला नॉटिंगहॅममध्ये कोणी भटजी मिळाले नाहीत. लीड्सहून आलेली माझी नणंद म्हणाली, "जो दारात येईल त्याला दे, वहिनी. दादाला चाललं असतं."

दुपारी आमच्या रायफल क्लबचा कप्तान फुलं घेऊन आला. पुस्तकांकडे, कोटांकडे त्याने पाहिलंही नाही. गॅरेजमध्ये जाऊन म्हणाला, "काडतुसं भरायची ही प्रेस तुम्हाला आता लागणार नाही, नाही का?" मी ती दिली. रीतीप्रमाणे तिच्यावर पळीभर पाणी सोडलं. गंज चढेल म्हणून त्याने ते लगेच रुमालाने पुसलं.

याच माणसाने आदल्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला संघातून काढलं होतं. आजारामुळे नवऱ्याचा नेम हलायला लागला होता. पण कप्तानाने दोष दिला तो घरी भरलेल्या काडतुसांना. नवऱ्याने ते खरं मानलं. अंगात थोडंफार बळ होतं ते दिवस त्याने स्वतःचीच काडतुसं उकलण्यात घालवले. गोळी काढायची, दारू तराजूत ओतायची, वजन पाहायचं. चूक सापडायची नाही. मग पुढचं काडतूस.

हे सगळं मी गिळलं असतं. पण वसंतात मी पुन्हा क्लबला जायला लागले, तेव्हा चहाच्या टेबलावर कप्तान सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रेस उत्तम आहे. भरणाराच कच्चा होता."

मी नणंदेला फोन केला.

"परत माग," ती म्हणाली.

"पाणी सोडलंय."

"मग संपलंच. दुसरी घे. आणि नाक काप त्याचं."

रायफलचा परवाना माझ्याही नावावर होता. नेम धरायला मी नवऱ्याबरोबरच शिकले होते. काडतुसं मात्र कायम त्याने भरलेली. दुकानदाराने आधी फिरत्या तबकाची प्रेस दाखवली. एकेकदा दांडा ओढला की एकेक काडतूस तयार. मी कोपऱ्यातली बिडाची, जड, साधी प्रेस मागितली. तिच्यावर एका वेळी एकच काम होतं: आधी सगळ्या केसेस, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, मापात आणायच्या, मग साचा बदलायचा, मग पुढचं काम.

"फार हळू चालते ही," दुकानदार म्हणाला.

"मला घाई नाही."

फोनवर वर्णन ऐकून नणंद म्हणाली, "म्हणजे सोऱ्याच घेतलास की. चकल्या कधी पाठवतेस?" तेराव्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

पहिल्याच दिवशी मी एका पितळी केसला तेल कमी लावलं आणि ती साच्यात घट्ट रुतून बसली. ओढून ओढून तिची कडच तुटली. तेव्हा रडू आलं, कारण अशा वेळी काय करायचं हे विचारायला तो नव्हता. मग पुस्तक आणून वाचलं आणि पुन्हा सुरुवात केली. दारूचं प्रमाण मला पाठ होतं. नवरा तराजूचा आकडा मोठ्याने वाचायचा, ते ऐकत मी शेजारी वाचत बसायचे. पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर प्रमाण चोख होतं. मी त्यात काही बदललं नाही. प्रत्येक गोळी केसमध्ये बसवताना कप्तानाचा तो रुमाल आठवत होता. देवाचं नाव एकदाही घेतलं नाही.

शरदातल्या सामन्यात मी मुद्दाम कप्तानाच्या शेजारची जागा मागून घेतली. त्याच्या कागदावर भोकं विखुरलेली होती. माझी मधल्या काळ्या वर्तुळात, एकमेकांना चिकटून. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"कुठल्या कंपनीची काडतुसं?"

"घरची. माझ्या नवऱ्याचं प्रमाण, तसंच्या तसं."

तो हळूच म्हणाला, "मग माझी चूक झाली असावी."

"चहाच्या टेबलावर सांगा. तेव्हा सांगितलंत तेवढ्याच आवाजात."

त्याने सांगितलं. लोक कपात बघत राहिले. मग तो हात पुढे करून माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं होतं, हे झालं की मन शांत होईल. तसं झालं नाही. तो पुढे आलेला हात मी नीट पाहिला. नवऱ्याचा शेवटी हलायचा, तसा तो हलत नव्हता. मी दोन्ही हातांनी कप धरून ठेवला आणि पुढच्या सामन्यातही त्याच्याच शेजारची जागा मिळेल का, ते त्यालाच विचारलं.