फाइलवरचा लाल टॅग

संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट प्रेसमधून दाबून निघतात आणि मी त्यांच्यातली खोट शोधतो. माल फारच चांगला दिसला की मला जास्त धाकधूक वाटते. बायको सगळ्यांना सांगते, ह्यांना चहा दिला तरी आधी कपाला तडा आहे का बघतात. बघतो मी, त्यात काय चुकलं?

तर मागे हिच्या छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि बायपास करायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरबाई हसत हसत कॉटपाशी आल्या. त्यांना रक्ताच्या दोन जादा नळ्या हव्या होत्या, एक आज आणि एक ऑपरेशननंतर. त्यांनी समजावलं, की अशा ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांत काही पेशंटचे ठोके अनियमित होतात. त्यातून रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर लकवा मारतो. अंगातली सूज, हृदयावरचा ताण, याच्या खुणा रक्तात सापडतात. त्या मोजून कोणाचे ठोके बिघडतील हे आधीच ओळखता येतं का, असा त्यांचा अभ्यास चालला होता.

माझं डोकं लगेच चालायला लागलं. रक्त इथेच तपासणार की बाहेर कुठे पाठवणार? कसल्या औषधाचा प्रयोग तर नाही? आणि एवढं गोड बोलायचं कारण काय? मी तो फॉर्म तीनदा वाचला, खालची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली. विचारलं, तुमचा अंदाज खरा ठरेल याची गॅरंटी काय? त्या म्हणाल्या, गॅरंटी नाही, म्हणून तर तपासतोय. हे उत्तर तर मला भलतंच संशयास्पद वाटलं. पण हिने माझ्या हातातून फॉर्म ओढला आणि सही करून मोकळी झाली. वर मला ऐकवलं, माझं रक्त आहे, तुमच्या कंपनीचा माल नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी हिला आयसीयूतून बाहेर आणून शेजारच्या खोलीत ठेवलं, तिथे प्रत्येक कॉटला ठोके दाखवणारा मॉनिटर होता. मी सकाळी रहाटणीच्या घरून पेज घेऊन पोचलो, तर हिच्या फाइलवर लाल स्टिकर. शेजारच्या दोन्ही फाइलींवर हिरवे.

 आमच्या कंपनीत तीन रंगांचे टॅग असतात. हिरवा म्हणजे पास. पिवळा म्हणजे होल्ड, शंका आहे, बाजूला ठेवा, परत तपासा. आणि लाल म्हणजे रिजेक्ट. लाल टॅग लागला की त्या मालावर कोणी वेळ घालवत नाही, तो थेट भंगारात जातो. सिस्टरला विचारलं तर ती घाईत होती, डॉक्टर सांगतील म्हणाली आणि गेली. मला वाटलं, झालं, ह्यांनी हिची आशा सोडलीय आणि मला सांगायची हिंमत होत नाहीये.

पुढे मी जे केलं ते सांगायची अजून लाज वाटते. कोणी बघत नाही असं पाहून मी तो स्टिकर नखाने उचकटला आणि माझ्या आयकार्डाच्या मागे चिकटवून टाकला. मालावरचा टॅग काढणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. त्यासाठी मी चांगल्या चांगल्या ऑपरेटरना लाइनवरून उतरवलंय, चारचौघांत रडवलंय.

दुपारी सिस्टरांची शिफ्ट बदलली. नव्या सिस्टरने फाइल पाहिली, लाल काही दिसलं नाही, म्हणून हिच्या छातीवरच्या वायरी काढल्या आणि साध्या वॉर्डात हलवलं. मी मनात म्हटलं, जिंकलो राव! पिशव्या मीच उचलल्या. दोन दिवसांत तुला घरी नेतो, असंही हिला सांगून टाकलं.

चारच्या सुमाराला ही म्हणाली, छातीत काहीतरी फडफडतंय, गॅस असेल. मी तिचं मनगट धरलं. वीस वर्षं प्रेसच्या आवाजात गेलीत माझी, प्रेसचा एक स्ट्रोक, एक ठोका चुकला की पाठमोरा असलो तरी मला कळतं. इथे बोटाखाली दोन ठोके घाईने, मग काहीच नाही, मग एकदम तीन.  तसाच पळत सुटलो. त्या डॉक्टरबाई जिन्यापाशी भेटल्या. मी आयकार्ड उलटं करून त्यांच्यापुढे धरलं.

"हा मी काढला," म्हणालो.

त्या आधी हिच्याकडे धावल्या. वायरी परत लागल्या. ठोके बिघडलेलेच होते. सलाइनमधून औषध सुरू झालं. मी कॉटच्या पायथ्याशी उभा राहून तिचं तोंड वाकडं होतंय का, हात हलतोय का, एवढंच बघत होतो. दिवेलागणीला ठोके ताळ्यावर आले, तेव्हा कुठे मी खाली बसलो.

मग त्यांनी विचारलं, का काढलात? शिवाय हेही म्हणाल्या, की नोंद कॉम्प्युटरवर होती, ती आमच्या माणसांनी बघायला हवी होती. सगळं माझ्याच माथी मारता आलं असतं त्यांना, पण मारलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही तिला रिजेक्ट केलं."

"काका, रक्तातल्या त्या खुणा जास्त निघाल्या, म्हणून लाल. लाल म्हणजे जास्त दिवस नजर ठेवायची. बाकी काही नाही."

म्हणजे आमचा पिवळा! शंका आहे म्हणून जपायचं. जन्मभर मी दुसरं काय केलंय?

ही जागीच होती, सगळं ऐकत होती. हसू आलं तर टाके दुखतात म्हणून तिने उशी छातीशी घट्ट धरली.

"अहो, रिजेक्ट माल होता, तर मग घरी कशाला न्यायला निघाला होतात?"

 डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचंही सुचलं नाही. डॉक्टरबाईंनी नवा लाल स्टिकर आणला. मी तो मागून घेतला, फाइलवर लावला, चारही कोपरे अंगठ्याने दाबले आणि परत तिचं मनगट धरून बसलो.