मागची भिंत

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्ही अनोळखी, म्हणून तुमच्यापाशी — नाही, तेही खरं नाही. पोटात ठेवून कंटाळले, एवढंच.

आधी आमच्या पत्र्यांचं सांगते. माझं लहानपण दहिवलीच्या आसपास, दुसऱ्याच्या जागेतल्या खोपटांत गेलं. जागा विकली जायची, तिथं कुणा मुंबईवाल्याचं फार्महाऊस व्हायचं, आणि आम्ही उठायचो. बाबा तेच पत्रे उचकटून डोक्यावरून पुढच्या जागी न्यायचे. जुनी भोकं नव्या वाशांना जुळायची नाहीत, मग नवी पाडायची. शेवटी शेवटी पत्रा कमी आणि भोकंच जास्त. त्याच पत्र्यांखाली मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. त्याचा मला गर्व होता. आजही आहे.

अशीच उठवलेली घरं सरकारी जागेवर एकत्र आली आणि आमची वस्ती झाली. समोर टॉवर उभे राहिले, ‘सर्वांना परवडणारी घरं’ असा भलामोठा फलक लागला. आमच्यातल्या एकालाही ती परवडणारी नव्हती. मग आम्ही मागणी लावून धरली — राहतो ती जागा आमच्या नावे करा, घरकुलं द्या. कायदा वाचला मी. अर्ज लिहिले मी. कर्जतला कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या मी.

आणि लोक म्हणायचे, मंदानं केलं.

मंदा शेजारची. शाळेत माझ्याच बाकावर बसायची, दहावीला नापास झाली, आता एका रिसॉर्टवर भाकऱ्या थापते. पण बोलायला उभी राहिली की काय सांगू! साहेबाला तोंडावर म्हणाली, “सायेब, तुमच्या कुत्र्याला पक्कं घर हाय, आमी काय भुंकत नाय म्हणून ऱ्हायलो का?” अख्खी कचेरी हसली, साहेबही हसला. त्याच्या टेबलावरचा अर्ज माझा होता. त्याच्याकडे कोण बघतं? मला ती सगळ्यांदेखत ‘म्याडम’ म्हणायची. “आमच्या म्याडमला विचारा, तिला इंग्लिश येतंय.” मायेनं म्हणायची. मला ती माया टोचायची. शिकले मी, आणि टाळ्या हिला?

आता त्या भिंतीकडे येते. आमच्याकडे लग्न निघालं, की घराची पुढची भिंत तेवढी विटांची करतात. गिलावा, रंग, त्यावर नवरा-नवरीची नावं. पाहुणे समोरून येतात, समोरचं बघतात. मागं कारवीचा कूड, शेणामातीनं लिंपलेला, तसाच. मंदाच्या दिराच्या लग्नात तिच्याकडेही तशीच भिंत झाली — गुलाबी. वस्तीतलं पोरसुद्धा सांगेल, की गुलाबी भिंतीमागं कूडच असणार.

पण घर कच्चं असेल त्यालाच घरकुल, आणि त्या पाहणीला आलेला माणूस लांबच्या जिल्ह्यातला. त्याला कुठून कळणार? त्याच्यासोबत घरोघर फिरायचं काम माझ्याकडे होतं. मंदा नेमकी त्या दिवशी खालापूरला, दुसऱ्या एका वस्तीसाठी बोलायला गेलेली. जाताना मी विचारलं होतं, तुझं घर बघायला येतील, थांबत नाहीस का? तर म्हणाली, “तू हायेस ना गं. मग मला कसलं भ्या?”

घरी तिची सासू एकटीच, कानानं अधू. त्यानं फोन काढला, तशी म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला आणि त्या गुलाबी भिंतीपुढं ताठ उभी राहिली. हसली. फोटो निघाला. माणसानं मला सहज विचारलं, “ताई, मागंही असंच पक्कं आहे का?”

दहा पावलं चाललो असतो, तर त्याला दिसलं असतं. मी म्हणाले —

मी म्हणाले, “हो, असंच आहे.”

गोंधळले नव्हते. विसरले नव्हते. ऊन होतं, दमले होते, पण म्हणून नव्हे. मला एकदा तरी मंदा माझ्यापेक्षा खाली गेलेली बघायची होती.

ग्रामसभेत घरकुल मिळणाऱ्यांची नावं वाचली गेली. माझं आलं, मंदाचं नाही. ती माझ्याकडे वळली — रागानं नाही हो, म्याडम काहीतरी करेल म्हणून. मी पायाखालची सतरंजी बघत बसले. कुणाची हरकत आहे का, म्हणून विचारलंही. तेव्हा मंदाच उठली. “ऱ्हाऊ दे. माझ्यापायी बाकीच्यांचं अडकायला नको. त्या गुलाबी भिंतीनंच घात केला माझा.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला! घर गेलं तिचं, तरी टाळ्या तिलाच. मला तेव्हासुद्धा, तिथं बसल्या बसल्या, जळायला झालं. लाज नंतर आली. आधी जळणंच आलं.

पुढं तिच्यासाठी फेरपाहणीचा अर्ज करता आला असता. कसा करायचा, ते वस्तीत एकटीला मला माहीत होतं. मुदत जाऊ दिली मी.

माझ्या घरभरणीला मंदा नारळ घेऊन आली. सगळे पुढच्या खोलीत बसले, ही सरळ घराला वळसा घालून मागं गेली. मी तिच्यामागोमाग. भिंतीवरून सावकाश हात फिरवत म्हणाली, “मागंबी विटा हायेत की गं! झ्याक झालं बघ, म्याडम.”

मी म्हणाले, चहा घे.

आमची मागणी मान्य झाली. जागा आमच्या नावे झाली, वस्तीत पक्की घरं उभी राहिली. माझ्या घराला चारही बाजूंनी विटा आहेत. मंदा अजून त्या गुलाबी भिंतीमागं राहते.