बुडायला तयार नसलेली माशी

"मॅडम, ही माशी पोहतेय," साहेब म्हणाले. "आपण बुडणारी विकतो ना?"

आम्ही कासुर्डीजवळ कालव्याच्या काठावर उभे होतो: आमच्या युनिटचे साहेब, परदेशी खरेदीदाराचे एजंट आणि मी. मी म्हणजे एम.एस्सी. फिजिक्स, क्वालिटी ऑफिसर, प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. माझी माशी जेमतेम वीतभर खाली गेली आणि प्रवाहाबरोबर निघून गेली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केडगावच्या आमच्या छोट्या युनिटमध्ये ट्राउटच्या गळासाठी नकली माश्या बांधल्या जात. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. आमच्यापैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता. आमची ही माशी निम्फची नक्कल; निम्फ म्हणजे पाण्यातल्या किड्याची पंख फुटण्यापूर्वीची अवस्था. ती तळाच्या दगडांपाशी राहते, म्हणून ट्राउट तिला तिथेच शोधतो. साहजिकच, प्रवाहाने वाहून नेण्याआधी नकली निम्फने तळ गाठला पाहिजे. त्यासाठी गळाच्या डोक्याशी पितळी मणी ओवतात, दांडीवर शिशाची तार गुंडाळतात आणि वरून लोकरीचे अंग चढवतात.

मूळ नमुन्यात सिंथेटिक लोकर होती. तिच्याऐवजी इथल्या मेंढ्यांची काळी लोकर वापरावी, ही सूचना माझी. त्यावर मी ग्राफसकट चार पानी रिपोर्ट लिहिला होता. लॅबमधल्या उंच काचेच्या बरणीत, हातात स्टॉपवॉच धरून, मी साठ माश्या सोडल्या होत्या. सगळ्या दगडासारख्या बुडाल्या होत्या.

"उद्या दुपारी पुन्हा येतो," एजंट म्हणाले. "बुडाली तर ऑर्डर तुमची. नाहीतर दुसरं युनिट बघावं लागेल."

जीपमध्ये साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्या कन्फर्मेशनवर मी अजून सही केलेली नाही."

मी तत्काळ निदान केले: वजन कमी. तार दुप्पट केली. बरणीत बुडण्याचा वेळ निम्म्यावर आला. विजयी मुद्रेने मी ती माशी बांधणीच्या टेबलावर रखमामावशींना दाखवायला नेली. मावशी धनगरांच्या घरातल्या. त्यांचा हात युनिटमध्ये सर्वांत सफाईदार. त्यांनी माशी आपल्या पाण्याच्या तांब्यात टाकली. ती रेंगाळत, तिरकी होत उतरली. अंगावर चांदीसारखा थर चमकत होता. कालव्यावरही तो मला दिसला होता; सुंदर दिसतो, एवढीच शास्त्रीय नोंद मी घेतली होती.

"बाई, मेंढरू पावसात भिजतंय का लवकर?" मावशी म्हणाल्या. "त्येच्या लोकरीत त्याल असतंय. पानी आत शिरतच न्हाई."

"मग माझ्या बरणीत कशी बुडते?"

"बरणी कशानं धुता?"

"लिक्विड सोपने. रोज, स्वतःच्या हाताने."

"व्हय का! मंग तुमच्या माशीची आंघोळ तिथंच व्हती की!"

सगळे टेबल हसले. मी हसले नाही, कारण त्या म्हणत होत्या ते पृष्ठताण होते, आणि हे प्रकरण मी कॉलेजात ज्युनियर मुलींना शिकवले होते. काचेला राहिलेल्या साबणामुळे पाणी लोकरीत शिरत होते. कालव्यात साबण नव्हता; तिथे लोकर हवा धरून बसत होती. ती चांदी म्हणजे हवाच. साठ वेळा मी माशीची नव्हे, साबणाची परीक्षा घेतली होती.

तेल निघावे म्हणून मावशींनी रिठ्याच्या कढत पाण्यात लोकर दोनदा धुतली, साध्या पाण्यात खळबळली आणि पत्र्यावर वाळवली.

"आन् अंग बारीक करा," त्या म्हणाल्या. "तुमची माशी लई खाल्लेली हाय."

तेही बरोबर होते. जाड अंगाला पाणी जास्त अडवते. मी ते केवळ देखणे दिसावे म्हणून जाड ठेवले होते.

दुसऱ्या दुपारी एजंटांनी नवी माशी फेकली. दोरी सरळ खाली गेली, ताणली गेली आणि जागेवरच थांबली. त्यांनी ओढली. आली नाही.

"तळाच्या दगडात अडकली!" ते आनंदाने ओरडले आणि दोरी तोडून मोकळे झाले. सॅम्पल हरवल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवरच माझ्या कागदावर सही केली. "त्या चार पानी रिपोर्टचं काय करायचं?" त्यांनी विचारले.

मी त्याला पाचवे पान जोडले. त्यावर एकच सूचना आहे: लॅबमध्ये आणण्यापूर्वी प्रत्येक नमुना रखमामावशींच्या तांब्यात टाकून पाहावा.